कॉर्नियाचे रिजेक्शन आणि मूलपेशी: पोस्टडॉकची जागा घेण्याआधी

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी. इम्युनॉलॉजीतली पीएचडी संपत आली आहे, डोळ्यांवर कधी काम केलेले नाही, आणि कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) रोपणातले रिजेक्शन, म्हणजे परके ऊतक शरीराने नाकारणे, मूलपेशींनी थांबवता येईल का यावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेने पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा देऊ केली आहे. शंका तीन आहेत. कॉर्नियाला प्रतिकारशक्तीपासून मुळातच अभय असते म्हणतात, मग रिजेक्शन हा एवढा मोठा प्रश्न आहे का? मूलपेशींचा खरोखर उपयोग होतो का? आणि दोन-तीन वर्षांत हाती काही ठोस लागेल का?

मी बरीच वर्षे या विषयात रुग्ण तपासणे आणि प्रयोगशाळा अशा दोन्हीकडे काम करतो आहे. माझे मत आधीच सांगतो: विषय जरूर घ्या, पण त्यातला प्रश्न नीट पारखून घ्या. कॉर्नियाचा ग्राफ्ट, म्हणजे लावलेला तुकडा, टिकणार की जाणार हे बहुतेक वेळा ग्राफ्ट ठरवत नाही. तो ज्या जागी शिवला जातो ती जागा, म्हणजे रुग्णाच्या डोळ्यातले बेड, ते ठरवते. ज्या प्रकल्पात बेडचा विचार नाही आणि फक्त 'पेशी टोचल्या, ग्राफ्ट जास्त दिवस टिकला' एवढेच आहे, तिथे दोन वर्षे घालवू नयेत.

आता अभयाबद्दल. 7 डिसेंबर 1905 रोजी एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमोउत्स (आजच्या झेक प्रजासत्ताकात) इथे माणसातले पहिले यशस्वी पूर्ण जाडीचे कॉर्निया रोपण केले. रुग्णाचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले होते. स्टिरॉइड नव्हते, प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध नव्हते, तरी एका डोळ्यातला ग्राफ्ट स्वच्छ राहिला. मूत्रपिंड किंवा त्वचेच्या बाबतीत हे त्या काळी अशक्य होते. पुढे 1948 मध्ये पीटर मेडावर यांनी दाखवले की डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेले परके ऊतक इतर जागांपेक्षा बराच काळ जगते. आज यामागची कारणे बरीचशी कळली आहेत. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, आणि ऊतकांतला द्रव व प्रतिकारपेशी लसिका ग्रंथींकडे नेणाऱ्या लसिकावाहिन्याही नसतात. त्या तिथे शिरू नयेत म्हणून कॉर्निया स्वतःच व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा विरघळणारा रिसेप्टर तयार करून तो संदेश शोषून घेतो, हे 2006 मध्ये सिद्ध झाले. त्याच्या पेशींवर फास लिगँड हे प्रथिन असते आणि ते आत येणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, मरायला भाग पाडते. परकेपणाची खूण, म्हणजे प्रतिजन, टी-पेशींना दाखवणाऱ्या मध्यभागातल्या डेन्ड्रिटिक पेशी अपरिपक्व असतात. शिवाय पुढच्या कप्प्यात गेलेल्या प्रतिजनाविरुद्ध शरीर उघड हल्ल्याऐवजी एक प्रकारची सहिष्णुता तयार करते. स्ट्रायलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर आयुष्य वेचले.

पण हे सगळे अभय अटींवर मिळालेले असते, आणि त्या अटी बेडने पाळायच्या असतात. उंदरातला नेहमीचा प्रयोगच पाहा. बाल्ब-सी जातीच्या उंदराचा कॉर्निया सी57 ब्लॅक-6 जातीच्या उंदराला लावला, बेड शांत असले आणि कोणतेही औषध दिले नाही, तर सुमारे निम्मे ग्राफ्ट टिकतात. याच दोन जातींमध्ये त्वचा लावली तर ती हमखास जाते. आता रोपणाच्या दोन आठवडे आधी त्याच बेडमध्ये नुसते दोन-तीन टाके घालून ठेवा. टाक्यांच्या चिडीने वाहिन्या आत येतात, आणि तोच दाता, तोच ग्राफ्ट, तोच शल्यविशारद असूनही जवळपास सगळे ग्राफ्ट रिजेक्ट होतात. एका उंदीर-जोडीत सगळा विषय आला! 2010 मध्ये आणखी एक सुंदर काम झाले. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या यांचा परिणाम वेगवेगळा करून पाहिला, तेव्हा मुख्य दोषी लसिकावाहिन्या निघाल्या. मला ते पटते, कारण दात्याच्या प्रतिजनाची बातमी मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत त्याच वाटेने पोहोचते. दवाखान्यात आपल्याला दिसतात त्या लाल रक्तवाहिन्या. लसिकावाहिन्या स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे इतकी वर्षे दुर्लक्ष झाले.

एचएलए, म्हणजे पेशींवरची 'आपले-परके' ओळखवणारी प्रथिने, जुळवण्याचे काय, हा इम्युनॉलॉजीच्या माणसाचा स्वाभाविक प्रश्न. अमेरिकेतल्या कोलॅबोरेटिव्ह कॉर्नियल ट्रान्सप्लान्टेशन स्टडीजने जास्त जोखमीच्या रुग्णांमध्ये हे तपासले. 1992 मध्ये आलेल्या निष्कर्षात एचएलए-ए, बी आणि डीआर जुळवल्याचा लक्षणीय फायदा दिसला नाही. त्या रुग्णांना स्टिरॉइडचे थेंब भरपूर दिले जात होते, हे लक्षात ठेवून तो निष्कर्ष वाचावा. थेंबांच्या बळावर आपण बरेच निभावतो. पण तेच थेंब डोळ्याचा दाब वाढवतात, मोतीबिंदू आणतात आणि जंतुसंसर्गाला वाट देतात.

रिजेक्शन प्रत्यक्षात कसे दिसते ते एकदा तरी स्लिट लॅम्पवर बसून पाहा. रुग्ण येतो तो 'दोन दिवसांपासून धुरकट दिसतंय, उजेड सहन होत नाही' असे सांगत. झोत तिरका धरला की ग्राफ्टच्या मागच्या पृष्ठभागावर पांढऱ्या कणांची एक वेडीवाकडी ओळ दिसते, बहुतेक वेळा एखाद्या वाहिनीच्या जवळच्या कडेपासून सुरू झालेली. ओळीच्या मागे, जिथून ती पुढे सरकून गेली, तिथला कॉर्निया सुजलेला आणि धूसर. पुढचा भाग अजून काचेसारखा स्वच्छ. ही खोदादूस्त रेषा. खोदादूस्त आणि सिल्व्हरस्टीन यांनी 1969 मध्ये सशांवर दाखवले की कॉर्नियाचे थर स्वतंत्रपणे रिजेक्ट होऊ शकतात. एपिथेलियम, म्हणजे सर्वात बाहेरचा थर, गेले तर रुग्णाचे स्वतःचे येऊन जागा भरते. एंडोथेलियम, म्हणजे सर्वात आतला थर, गेले तर भरून येत नाही. ती ओळ म्हणजे टी-पेशी आणि मॅक्रोफेज (गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) यांची आघाडी, आणि तिच्या मागे मेलेल्या एंडोथेलियल पेशी.

माणसाच्या एंडोथेलियल पेशी डोळ्यात विभागत नाहीत. प्रौढ वयात दर चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार पेशी असतात, वयानुसार दरवर्षी सुमारे 0.6 टक्के कमी होतात, आणि संख्या पाचशेच्या आसपास उतरली की कॉर्नियातले पाणी बाहेर काढण्याचे काम जमेनासे होते. म्हणून रिजेक्शनचा एक झटका औषधाने परतवला तरी खर्च झालेल्या पेशी परत येत नाहीत. सशाच्या एंडोथेलियमची गोष्ट उलटी: ते चांगले पुन्हा वाढते. उंदरातही काही प्रमाणात भरपाई होते. त्यामुळे 'ग्राफ्ट आधी धूसर झाला आणि नंतर पुन्हा स्वच्छ झाला' असे सशात दिसले, तर तो मूलपेशींचा विजय की सशाच्या एंडोथेलियमचा, हे आधी विचारा. या एका मुद्द्यावर कित्येक शोधनिबंधांचे निष्कर्ष मला सैल वाटतात.

कोणी म्हणेल, आता डीमेक आले आहे. डेसेमेट पडदा आणि एंडोथेलियम एवढाच पातळ थर लावायचा, रिजेक्शन पहिल्या दोन वर्षांत एक टक्क्याच्या आसपास. पूर्ण जाडीच्या रोपणात ते त्याच्या कित्येक पट असते. ज्यांचा फक्त एंडोथेलियमचा आजार आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न बराच सुटला आहे, हे खरेच. पण रसायनाने भाजलेले डोळे, हर्पिस विषाणूने वारंवार पोळलेले डोळे, दुसऱ्या-तिसऱ्यांदा रोपण झालेले डोळे आणि लहान मुले यांच्यासाठी डीमेक हे उत्तर नाही. अशांपैकी पुष्कळांची बेडे वाहिन्यांनी भरलेली असतात. तुमचे संशोधन त्यांच्यासाठी आहे. शिवाय 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार गरज असलेल्या दर सत्तर जणांमागे एकच कॉर्निया उपलब्ध होता. रिजेक्ट झालेला प्रत्येक ग्राफ्ट त्या रांगेत पुन्हा एक माणूस उभा करतो.

मूलपेशींकडे येऊ. एकाच नावाखाली इथे दोन अगदी वेगळी कामे चालतात. एका कामात मूलपेशी हाच ग्राफ्ट असतो, दुसऱ्यात मूलपेशी हे औषध असते. देऊ केलेल्या जागेचे वर्णन वाचताना यातले कोणते आहे ते प्रथम ओळखा.

पहिल्या कामाचे मूळ लिंबसमध्ये, कॉर्निया आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर. कॉर्नियाच्या एपिथेलियमच्या मूलपेशी तिथे असतात हा अंदाज 1971 पासूनचा. 1980च्या दशकात पुरावे आले. 1997 मध्ये पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच चांगल्या डोळ्यातून थोड्या पेशी घेऊन, वाढवून, भाजलेल्या डोळ्यावर लावल्या. 2010 च्या मोठ्या अहवालात 112 रुग्णांपैकी 76.6 टक्क्यांना कायमचा फायदा झाला. त्यातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे: वाढवलेल्या पेशींत पी63 प्रथिन (मूलपेशींची खूण) ठळक असणाऱ्या पेशी तीन टक्क्यांहून जास्त असल्या तर यश 78 टक्के, कमी असल्या तर 11 टक्के. पेशींची गुणवत्ता आधीच मोजता येते, आणि त्यावरून निकाल सांगता येतो! 2015 मध्ये युरोपात याच पद्धतीला होलोक्लार या नावाने मान्यता मिळाली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतून आलेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्लेट पद्धतीने तर प्रयोगशाळेतल्या वाढीची गरजच काढून टाकली: लिंबसच्या छोट्या तुकड्याचे बारीक तुकडे करून गर्भवेष्टनाच्या पडद्यावर थेट डोळ्यावरच वाढू द्यायचे.

या सगळ्यांत पेशी स्वतःच्या, म्हणून रिजेक्शन नाही. दोन्ही डोळे भाजलेले असले की पेशी दुसऱ्याच्या घ्याव्या लागतात, आणि मग इम्युनॉलॉजीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागा वाट्याला येते. लिंबसला स्वतःच्या वाहिन्या आहेत, प्रतिजन दाखवणाऱ्या पेशी तिथे गर्दीने असतात, आणि रुग्णाचे बेड भाजल्यामुळे आधीच पेटलेले असते. अशा रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी, पोटातून घ्यायची औषधे बराच काळ द्यावी लागतात. टॅक्रोलिमस मूत्रपिंडाला बाधू शकते, म्हणून दृष्टीसाठी मूत्रपिंडावर किती भार टाकायचा हा विचार तिथे रोज करावा लागतो.

म्हणूनच जपानमधली दोन कामे बारकाईने वाचा. किनोशिता आणि सहकाऱ्यांनी दात्याच्या एंडोथेलियल पेशी प्रयोगशाळेत वाढवून, पेशी चिकटायला मदत करणाऱ्या रॉक इनहिबिटर या औषधासोबत, सुमारे दहा लाख पेशी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात टोचल्या आणि पेशी खाली बसून चिकटाव्यात म्हणून रुग्णांना तीन तास पालथे ठेवले. 2018 च्या अहवालातल्या अकराही रुग्णांत 24 आठवड्यांनंतर पेशींची संख्या पाचशेच्या वर होती. 2023 मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली. दुसरे काम ओसाकाच्या निशिदा गटाचे: 2019 मध्ये त्यांनी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मूलपेशींसारख्या करून मिळवलेल्या) बनवलेला एपिथेलियमचा पडदा पहिल्यांदा रुग्णाला लावला आणि 2024 मध्ये चार रुग्णांचे निष्कर्ष मांडले. पेशी परक्या असूनही दोन वर्षांच्या पाहणीत रिजेक्शन दिसले नाही. चार हा आकडा लहान आहे, तो ताणू नये. तरी प्रश्न फार चांगला उभा राहतो: लिंबसचा तुकडा जातो, पण त्यातल्या वाहिन्या आणि डेन्ड्रिटिक पेशी वगळून फक्त शुद्ध एपिथेलियम दिले तर ते टिकते का, आणि टिकले तर प्रतिजनाची बातमी पोहोचली नाही म्हणून, की पोहोचूनही दुर्लक्षिली गेली म्हणून? इम्युनॉलॉजीत पीएचडी केलेल्या माणसाने हातात घ्यावा असा हा प्रश्न आहे. एचएलए पेशीवर येण्यासाठी लागणारी बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन आणि सीआयआयटीए ही जनुके काढून 'अदृश्य' पेशी बनवण्याचे कामही जोरात आहे. त्यात एचएलए नसलेल्या पेशीला नैसर्गिक मारक पेशी ओळखतात ही जुनी अडचण आहेच. एक धोका कमी बोलला जातो: कॉर्नियावर विषाणू वारंवार येतात, आणि एचएलए वर्ग-एक नसलेल्या पेशीत विषाणू लपला तर टी-पेशींना तो दिसणारच नाही.

दुसरे काम, मूलपेशी औषध म्हणून. इथे बहुतेक वेळा मेसेन्कायमल मूलपेशी वापरतात, अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या. कल्पना अशी की त्या दाह आणि टी-पेशी दोन्हींना आवर घालतात. 2012 मध्ये ओह, प्रोकॉप आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोपणाच्या आगेमागे शिरेतून माणसाच्या मेसेन्कायमल पेशी दिल्या. ग्राफ्ट टिकले, पण पेशी कॉर्नियात फारशा सापडल्याच नाहीत. त्या फुप्फुसात अडकल्या आणि तिथे टीएसजी-6 हे दाह कमी करणारे प्रथिन सोडू लागल्या. सुरुवातीचाच दाह मंदावला, त्यामुळे पुढची टी-पेशींची साखळी सुरूच झाली नाही. इतर गटांना त्याच पेशी लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचताना आणि डेन्ड्रिटिक पेशींना पिकू न देताना दिसल्या. उलट 2015 मध्ये सशांवर चरबीतल्या मूलपेशींचा प्रयोग झाला त्यात काहीच फायदा दिसला नाही. असे नकारात्मक निकाल छापणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. ते नसते तर हे क्षेत्र अजून भाबडेपणाने पुढे गेले असते.

हा विरोधाभास कसा समजून घ्यायचा? माझ्या मते तीन गोष्टींतून. पेशी केव्हा दिल्या: संवेदीकरण होण्याआधी दिल्या तर दाह रोखतात, टी-पेशी तयार होऊन बसल्यावर दिल्या तर उशीर झालेला असतो. पेशी कोणाच्या: मेसेन्कायमल पेशी पूर्ण 'अदृश्य' नसतात, वारंवार दिल्या तर शरीर त्यांच्याविरुद्धच संवेदी होऊ शकते. आणि पेशी कशा: एका दात्याच्या पेशी काम करतात, दुसऱ्याच्या करत नाहीत. 2014 मध्ये उंदराच्या कॉर्नियातल्या दाहावरच दाखवले गेले की पेशींत टीएसजी-6 किती बनते यावरून त्यांची ताकद आधी सांगता येते. हे पी63 सारखेच झाले, आणि मला वाटते पोस्टडॉकच्या काळात पूर्ण होऊ शकेल असे सर्वात उपयुक्त काम हेच आहे: रिजेक्शन रोखण्याची पेशींची ताकद टोचण्याआधी मोजणारी एक विश्वासार्ह चाचणी. बाह्यपेशीय पुटिकांची, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्यांची, सध्या लाट आहे. त्यांनाही हाच नियम लावा. मोजता येत नसेल तर ते औषध नव्हे.

रोजच्या कामाबद्दल स्पष्ट सांगायला हवे, कारण डोळ्यांचा अनुभव नसणे तुम्हाला सर्वाधिक इथे जाणवेल. दात्याचा दोन मिलिमीटरचा गोल, बेडमध्ये दीड मिलिमीटरचे छिद्र, केसाहून बारीक 11-0 नायलॉनचे आठ टाके. बुबुळाचा पडदा टाक्यात अडकला, भिंग दुखावले किंवा पुढचा कप्पा भरला नाही की तो ग्राफ्ट गेला, आणि तो रिजेक्शनने गेलेला नसतो. सातव्या दिवशी टाके काढतात. तोवर धूसर झालेले डोळे शस्त्रक्रियेचे अपयश म्हणून वगळायचे, आणि ते कोणत्या गटातले आहेत हे कळण्याआधी वगळायचे. पुढे आठ आठवडे आठवड्यातून दोनदा स्लिट लॅम्पखाली धूसरपणा 0 ते 5 अशा श्रेणीत लिहायचा. श्रेणी देणाऱ्याला गट माहीत नसला पाहिजे. हा नियम जिथे 'वेळ मिळाला तर' पाळतात त्या प्रयोगशाळेत जाऊ नका. हात बसायला कित्येक महिने जातात. जिथे अनुभवी शल्यकर्मी आहे तिथे त्यांच्याकडून शिकून घ्या, पण तुमचा वेळ लसिका ग्रंथी आणि फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी प्रकारानुसार मोजण्याच्या तंत्रावर) जास्त खर्च करा.

एक सापळा खास सांगतो. 'उजव्या डोळ्यात रोपण, डावा डोळा तुलनेला' ही सोय इतर नेत्रसंशोधनात चालते, इथे चालत नाही. नीडरकॉर्न यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवले की एका डोळ्यात कॉर्नियाच्या नसा (चेतातंतू) कापल्या की दोन्ही डोळ्यांचे अभय जाते. त्यात सबस्टन्स-पी या चेतापेप्टाइडचा हात आहे. रोपणात नसा कापल्या जातातच. म्हणजे दुसरा डोळा तटस्थ राहतच नाही. रेग्युलेटरी, म्हणजे प्रतिकार दाबणाऱ्या, टी-पेशींबाबतही असाच सापळा आहे. नुसती संख्या मोजून भागत नाही. ग्राफ्ट टिकलेल्या आणि गमावलेल्या उंदरांत संख्येपेक्षा त्या पेशींतल्या फॉक्स-पी3 प्रथिनाच्या पातळीत आणि दाबण्याच्या क्षमतेत फरक असतो, हे 2009 पासून माहीत आहे.

वेळेचे गणित असे बसवा. शांत बेडच्या मॉडेलमध्ये निम्मे ग्राफ्ट आपोआप टिकतात, म्हणून फायदा दाखवायला गट मोठे लागतात. पेटलेल्या बेडमध्ये जवळपास सगळेच जातात. तिथे लहान गटातही फरक दिसतो, आणि रुग्णांची गरजही तिथेच आहे. त्यामुळे मी असतो तर जास्त जोखमीचे मॉडेल घेतले असते आणि एकच प्रश्न धरला असता, पेशी देण्याची वेळ. पहिल्या वर्षात मॉडेल आणि मोजमापे पक्की होतात, दुसऱ्यात मुख्य प्रयोग. नैतिक समितीची परवानगी या वेळापत्रकात धरा, ती रुजू होण्याआधी मिळालेली आहे का ते विचारा.

मुलाखतीत प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आणखी दोन गोष्टी विचारा. मागच्या पोस्टडॉकचे उपचार न दिलेल्या गटाचे टिकण्याचे आलेख दाखवता का. ते दर वेळी सारखे आले नसतील तर बाकी कशावरही विसंबता येणार नाही. आणि प्रयोगाच्या शेवटी एंडोथेलियल पेशी मोजता का, की फक्त धूसरपणा बघता. पहिले दाखवायला ते तयार असतील आणि दुसऱ्याचे उत्तर 'मोजतो' असेल, तर जागा घ्या.